श्वास, घास आणि श्रम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें पूर्वजांची श्रद्धा, देवळाचा इतिहास किंवा संस्कारांचें माहात्म्य ह्यांवर बोलावें, अशी आपली अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. त्या विषयांवर ह्या मालेंतील इतर वक्ते बोललेच आहेत. आम्ही आज एका निराळ्या गोष्टीकडे आपलें लक्ष वेधणार आहों. दूषित हवा सर्वांच्या नाकांत सारखीच शिरते. मग तिचा अपाय एकाला अधिक व दुसऱ्याला कमी कां होतो, आणि आपला आहार, आपला व्यायाम व आपल्या देहाचा भार ह्यांचा त्याशीं काय संबंध आहे, हा आमचा आजचा विषय आहे.

वैद्याचें काम धर्मगुरूनें कां हातीं घ्यावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, श्वास हा विषय पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर आला आहे. परमेश्वरानें मातीचा मनुष्य घडविला आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. हिब्रू भाषेंतील 'रूआह' हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा ह्या तिन्ही अर्थीं येतो. ज्या दानावर आपलें जीवन क्षणोक्षणीं टिकून आहे, त्या दानाची नासाडी झाली असतां धर्मानें मौन धरावें हें उचित नव्हे. शिवाय आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठीं आम्ही घरोघर जातों, तेव्हां उशाशीं जपमाळेच्या शेजारीं दम्याचा पंप ठेवलेला आम्हांस पुष्कळ घरीं दिसतो. जें रोज डोळ्यांपुढें आहे त्याविषयीं बोलणें हें आम्ही आपलें कर्तव्यच समजतों.

विषयास एका ऐतिहासिक उदाहरणानें आरंभ करूं. १९५२ सालच्या डिसेंबर महिन्यांत, ५ पासून ९ तारखेपर्यंत, लंडन शहरावर कोळशाच्या धुरानें भरलेलें दाट धुकें बसून राहिलें. वारा पडला होता आणि घराघरांतील चुलाण्यांचा व कारखान्यांचा धूर वर जाण्यास वाट नव्हती. त्या आपत्तींत नेहमीपेक्षां सुमारें ४,००० माणसें अधिक मेलीं, अशी प्रथम गणना झाली; पुढें संशोधकांनीं त्यानंतरचे महिने हिशेबांत धरले तेव्हां हा आंकडा सुमारें १२,००० पर्यंत गेला. ह्या घटनेनंतर १९५६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें स्वच्छ हवेचा कायदा केला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, तें धुकें लक्षावधि लोकांनीं श्वासाबरोबर आंत घेतलें, तरी मृत्यूनें मुख्यतः अर्भकें, वृद्ध आणि ज्यांचें हृदय किंवा फुफ्फुसें आधींच दुबळीं होतीं अशी माणसें गांठलीं. विष एकच होतें. देह निरनिराळे होते.

आतां हें विष म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. हवेंतील धूळ, मोटारींचा धूर, जाळलेला पालापाचोळा व कचरा, कारखान्यांची व बांधकामांची राळ ह्या सर्वांपासून अति सूक्ष्म कण निर्माण होतात. त्यांपैकीं जे कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात तेच अधिक घातक होत. मनुष्याच्या केसाच्या जाडीशीं तुलना केली तर ते तिच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक भरतात. नाकांतील केस व श्लेष्मा मोठी धूळ अडवितात; हे सूक्ष्म कण मात्र फुफ्फुसांच्या टोकाशीं असलेल्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोंचतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं असें ठरविलें कीं, एक घनमीटर हवेंत ह्या कणांचें वार्षिक सरासरी प्रमाण ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असूं नये. आपल्या देशानें २००९ सालीं घालून घेतलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे सरकारी मर्यादेच्या आंत असलेली हवा देखील ह्या नव्या कसोटीस उतरत नाहीं.

हे कण वायुकोशांत गेल्यावर काय घडतें? फुफ्फुसांच्या आंतल्या पृष्ठभागावर एका पातळ द्रवाचा थर पसरलेला असतो. त्या द्रवांत 'क' जीवनसत्त्व आणि दुसरीं कांहीं संरक्षक द्रव्यें असतात. हीं आपल्या वेशीवरची राखणच म्हणावयाची. कणांबरोबर आलेलीं दाहक द्रव्यें आधीं ह्या राखणीशीं झुंजतात. राखण पुरेशी असली तर पुष्कळसा मारा तेथेंच थोपतो. ती तोकडी पडली म्हणजे पेशींना इजा होते, आंतील भागास सूज येते, आणि त्या सुजेचे परिणाम रक्तावाटे हृदयापर्यंत व रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊन पोंचतात. म्हणूनच दूषित हवेनें केवळ खोकला व दमा होत नाहीं, तर हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके देखील येतात. ह्या एका गोष्टीवरून आपल्या तिन्ही प्रश्नांची संगति लागते. राखणीस शिधा पुरविणारा तो आहार. सूज आधींच पेटती ठेवणारा तो देहाचा अतिरिक्त भार. आणि हृदय व फुफ्फुसें बळकट करणारा, परंतु त्याच वेळीं अधिक हवा आंत ओढावयास लावणारा, तो व्यायाम होय.

प्रथम आहाराचा विचार करूं. 'क' जीवनसत्त्व मनुष्याचें शरीर स्वतः तयार करूं शकत नाहीं. तें अन्नांतूनच यावें लागतें. मेक्सिको शहराची हवा एके काळीं जगांतील अत्यंत दूषित हवांपैकीं गणली जात असे. तेथें १५८ दमेकरी मुलांवर केलेली एक चाचणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. कांहीं मुलांना 'क' व 'ई' हीं जीवनसत्त्वें रोज दिलीं आणि कांहींना नुसती औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी दिली. हवेंतील ओझोन वायु वाढला तेव्हां निर्गुण गोळी घेणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची शक्ति घटली. जीवनसत्त्वें मिळालेल्या मुलांत, विशेषतः ज्यांचा दमा अधिक तीव्र होता त्यांच्यांत, ती तशी घटली नाहीं.

चीनमधील चीडोंग ह्या भागांत २९१ स्त्रीपुरुषांना बारा आठवडे एक पेय देण्यांत आलें. कांहींच्या पेयांत ब्रोकोली नांवाच्या हिरव्या फुलकोबीचे कोंवळे अंकुर होते. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, अंकुरांचें पेय घेणाऱ्यांच्या शरीरांतून बेंझीन हें हवेंतील विष लघवीवाटे इतरांपेक्षां ६१ टक्क्यांनीं अधिक बाहेर टाकलें गेलें. आपल्या बाजारांतील कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरीचा पाला हीं त्याच कुळांतील आहेत. तीं खाल्लीं असतां नेमका तेवढाच गुण येईल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ताटांतील भाजी ही नुसती तोंडीं लावण्याची वस्तु नसून तिचें शरीराच्या शुद्धीशीं नातें आहे, एवढें त्यावरून कळून येतें.

मत्स्याहाराविषयीं आपल्या समुद्रकांठच्या लोकांना सांगण्याची गरज नाहीं, असें वाटेल. तथापि अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत २९ निरोगी मध्यमवयीन माणसांना चार आठवडे रोज तीन ग्रॅम तेल देण्यांत आलें; कांहींना मासळीचें, कांहींना ऑलिव्हचें. नंतर त्यांना सूक्ष्म कणांनीं भरलेली हवा दोन तास घ्यावयास लावली. मासळीचें तेल घेतलेल्यांच्या हृदयाच्या चालींत त्या हवेनें कमी बिघाड केला, असें २०१२ सालच्या अहवालांत आहे. पुढें २०२० सालीं तेथीलच १,३१५ वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तांत मासळींतून मिळणारीं हीं 'ओमेगा-३' स्निग्धाम्लें अधिक होतीं, त्यांच्या मेंदूची दूषित हवेमुळें होणारी झीज कमी दिसून आली. आमच्या कोळी बांधवांच्या टोपलींतील बांगडा आणि तारली हीं ह्याच स्निग्धाम्लांनीं समृद्ध आहेत, आणि तीं पापलेट-सुरमईपेक्षां स्वस्तही मिळतात. पाहुण्यांपुढें तारली वाढण्यास संकोच वाटणें हा निव्वळ प्रतिष्ठेचा भ्रम होय. मात्र तीच मासळी तेलांत खरपूस तळली, आणि स्वयंपाकघर बंद ठेवून त्या जळक्या तेलाचा धूर गृहिणीनें तासभर घेतला, तर एका हातानें मिळविलें तें दुसऱ्या हातानें गमावलें असें होईल. कालवणाचा गुण येथें तळणीहून सरस आहे.

ह्या ठिकाणीं एक इशारा दिला पाहिजे. फळांत गुण आहे म्हणून त्याच्या अर्काची गोळी घेतली कीं झालें, अशी समजूत हल्लीं बळावत आहे. फिनलंड देशांत २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरांत असणाऱ्या बीटा-कॅरोटिन ह्या द्रव्याच्या गोळ्या त्यांपैकीं कांहींना देण्यांत आल्या. फुफ्फुसाचा कर्करोग त्यामुळें कमी होईल अशी आशा होती. परंतु १९९४ सालीं निकाल लागला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत तो रोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. गाजर हें गाजर आहे आणि गोळी ही गोळी आहे. पेरू, आंवळा, लिंबू, शेवग्याचा पाला, माठ, कडधान्यें, आपल्या वाड्यांतील केळीं हीं देवानें ज्या रूपांत दिलीं त्या रूपांत खावीं. गोळ्या वैद्य सांगतील तेव्हांच घ्याव्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास तर कोणतेंही फळ तारूं शकणार नाहीं. तो बाहेरची हवा शुद्ध असतांनाही आपल्यापुरतें लंडनचें धुकें निर्माण करीत असतो.

दानीएल आणि त्याचे सोबती ह्यांची कथा आपणांस ठाऊक आहे. बाबेलच्या राजाच्या पक्वान्नांना नकार देऊन त्यांनीं दहा दिवस शाकाहार व पाणी ह्यांवर काढले, आणि दहा दिवसांनंतर राजाच्या पंक्तीला जेवणाऱ्यांपेक्षां त्यांचीच मुद्रा अधिक टवटवीत दिसली. त्यांचा हेतु धर्मपालनाचा होता. आरोग्य हें त्याच्या मागोमाग आलेलें फळ होतें.

आतां देहाच्या भाराकडे वळूं. हा विषय नाजूक आहे, आणि कोणाही स्थूल बंधूस वा भगिनीस लाजविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. वस्तुस्थिति मात्र अशी आहे. पोटावर चरबी साचली म्हणजे ती छातीखालच्या पडद्यास वर रेटते आणि फुफ्फुसांना पसरण्यास जागा अपुरी पडते. जड देहाला प्राणवायु अधिक लागतो, म्हणून तो दर मिनिटास अधिक हवा आंत घेतो, आणि हवेबरोबर कणही अधिक येतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: चरबी ही नुसती सांठवणीची कोठी नाहीं, ती दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें रक्तांत सोडीत असते. ज्या घरांत आधींच निखारे धुमसत आहेत, तेथें बाहेरून ठिणगी पडल्यास आग भडकण्यास कितीसा वेळ लागणार?

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत ५ ते १७ वर्षें वयाच्या १४८ दमेकरी मुलांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. घरांतील हवेंत सारखेच सूक्ष्म कण असतांही वजनानें अधिक असलेल्या मुलांना दम्याची लक्षणें जास्त जाणवलीं. तेथीलच ३६ शहरांतील ६५,८९३ वयस्क स्त्रियांची एक मोठी पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. सूक्ष्म कणांचें प्रमाण दर १० मायक्रोग्रॅमनें वाढलें असतां हृदयरोगानें व पक्षाघातानें होणारे मृत्यू ७६ टक्क्यांनीं वाढलेले त्या पाहणींत दिसले. स्थूलतेमुळें हृदयावरील हा परिणाम नक्की किती वाढतो, ह्याविषयीं संशोधकांत अजून एकमत झालेलें नाहीं; कांहीं पाहण्यांत तो स्पष्ट दिसतो, कांहींत दिसत नाहीं. परंतु स्थूलता आणि दूषित हवा ह्या दोन्ही स्वतंत्रपणें हृदयाच्या शत्रु आहेत, ह्याविषयीं मतभेद नाहीं. आणि दोन शत्रु एकदम चालून आले असतां एकास तरी वेशीबाहेर ठेवणें हें शहाणपणाचें आहे.

"आम्ही कुठें लठ्ठ आहों?" असें म्हणून कोणी निश्चिंत होऊं नये. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर युडकिन ह्यांचा एक छोटासा लेख २००४ सालीं 'लान्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं एकसारखें, दोघेही दिसण्यांत सडपातळ. परंतु मापून पाहतां इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. आपणां भारतीयांची चरबी अशी कातडीआड व पोटांत दडून बसते. म्हणून आरशावर व तराजूवर सर्वस्वीं विसंबून न राहतां कमरेच्या घेराकडेही लक्ष असावें.

ह्यापुढें व्यायाम. पन्नास वर्षांपूर्वीं ह्या गांवांतील माणसें पायीं देवळाला येत, वाडीला पाणी शिंपीत, भारे वाहत. त्यांना व्यायाम हा शब्द निराळा शिकण्याची गरज नव्हती. आज देवळाच्या आवारांत दुचाक्या उभ्या करण्यास जागा पुरत नाहीं. तेव्हां चालावें, पोहावें, खेळावें, हा उपदेश योग्यच आहे. पण त्यांत एक गुंतागुंत आहे. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. धांवतांना हेंच प्रमाण चाळीस-पन्नास लिटरांवर जातें, आणि तो तोंडानें श्वास घेऊं लागला म्हणजे नाकाची गाळणीही निकामी होते. मग व्यायामानें लाभ अधिक कीं हानि?

ह्याचें उत्तर लंडनमधील एका प्रयोगानें फार सुंदर रीतीनें दिलें आहे. तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील ११९ स्त्रीपुरुषांना एकदां हाइड पार्क ह्या विस्तीर्ण उद्यानांत आणि एकदां ऑक्सफर्ड स्ट्रीट ह्या बसगाड्यांच्या धुरानें भरलेल्या रस्त्यावर, दोन दोन तास चालविलें. त्यांत कांहीं निरोगी होते, कांहीं फुफ्फुसाचे व कांहीं हृदयाचे रुग्ण होते. उद्यानांत चालल्यावर फुफ्फुसांची शक्ति वाढली व रक्तवाहिन्या मऊ झाल्या. त्याच माणसांचें तेवढेंच चालणें रस्त्यावर झालें तेव्हां तो लाभ बव्हंशीं हरपला. पाय तेच, वेळ तोच; फरक केवळ जागेचा.

मुलांच्या बाबतींत तर अधिक सावध राहिलें पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियांतील १२ वस्त्यांमधील ३,५३५ मुलांवर कांहीं वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. ज्या वस्त्यांत ओझोन फार होता तेथें तीन किंवा अधिक मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा जडण्याचा संभव मुळींच न खेळणाऱ्यांच्या तिप्पटीहून अधिक आढळला. जेथें ओझोन कमी होता तेथें खेळानें कांहींही अपाय झाला नाहीं. हा निकाल २००२ सालचा आहे. पण ह्यावरून मुलांना घरांत कोंडून ठेवावें असें कोणीं समजूं नये. डेन्मार्कमधील ५२,०६१ लोकांच्या पाहणींत, शहरी धुराच्या वस्तींत राहूनही व्यायाम करणारे लोक न करणाऱ्यांपेक्षां अधिक जगले, असें २०१५ सालीं दिसून आलें. २०१६ सालच्या एका गणितानें तर मर्यादाही दाखवून दिली: हवेंत सूक्ष्म कण १०० मायक्रोग्रॅम असतांही सायकल चालविण्याचा तोटा लाभाहून अधिक होण्यास रोज दीड तासावर सायकल चालवावी लागेल, आणि पायीं चालण्याच्या बाबतींत तर दहा तासांवर चालावें लागेल. तात्पर्य, बसून राहणें हा दूषित हवेवरचा उपाय नव्हे; जागा व वेळ निवडणें हा उपाय आहे.

आपल्या वसईच्या परिसरापुरतें सांगावयाचें तर, हिंवाळ्याच्या दिवसांत रात्रीं थंड हवा जमिनीलगत बसते आणि सर्व धूर तिच्यांतच कोंडला जातो. म्हणून डिसेंबर-जानेवारींत काळोखांत उठून मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेनें झपझप चालणें, ह्यांत पुण्य नाहीं आणि आरोग्यही नाहीं. सूर्य वर आल्यावर, वाडीच्या आंतल्या वाटेनें किंवा समुद्रकांठानें चालावें. हवेचा सरकारी निर्देशांक आतां भ्रमणध्वनीवर रोज पाहतां येतो. त्याच्या सहा पायऱ्यांपैकीं 'खराब' ही पायरी, म्हणजे २०० च्या पुढचा आंकडा, दिसेल त्या दिवशीं मुलांचे धांवण्याचे खेळ पुढें ढकलावे. तोंडाला रुमाल बांधल्यानें धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहींत, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

आतां आम्ही ज्या मुद्द्यासाठीं हा विषय मुद्दाम निवडला तेथें आलों आहों. हें सर्व ऐकून एखाद्याच्या मनांत असा विचार येणें शक्य आहे कीं, ज्याला दमा जडला त्यानें खाण्यापिण्यांत हयगय केली असली पाहिजे. त्याचा दोष त्यालाच. हा विचार खोटा आहे आणि ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारा आहे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं पाप कोणाचें, असें विचारलें, तेव्हां आपल्या प्रभूनें त्या मनुष्याचें नाहीं व त्याच्या आईबापांचेंही नाहीं, असें सांगून तो हिशेबच मोडून टाकला. रस्त्यावर आठ तास उभा राहणारा वाहतूक-शिपाई, इमारतीच्या बांधकामावर सिमेंटची पोतीं वाहणारी मजूर स्त्री, चुलीशीं लांकडें फुंकीत वाढलेली म्हातारी, ह्यांनीं कोणती जागा आणि कोणती वेळ निवडावी? पेरू आणि ताजी भाजी विकत घेण्यास पैसे लागतात, उद्यानांत फिरावयास फुरसत लागते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत हीच गोष्ट दाखवून दिली आहे कीं, दूषित हवेचा आणि चुलीच्या धुराचा घाव सर्वांत अधिक गरिबांवर बसतो.

म्हणून आम्ही दोन सद्गुणांची सांगड घालूं इच्छितों. संत थॉमस आक्विनस ह्यांनीं विवरिलेल्या चार मूलभूत सद्गुणांत संयम आहे आणि न्यायही आहे. आपल्या ताटावर, आपल्या देहावर, आपल्या आळसावर जो ताबा ठेवावयाचा तो संयम. आणि शेजाऱ्याच्या नाकांत आपला धूर जाऊं न देणें हा न्याय. संयमाचें व्रत घेऊन न्यायाकडे पाठ फिरविणारा मनुष्य सकाळीं आरोग्यासाठीं फळें खातो आणि सायंकाळीं कुंपणाशीं प्लॅस्टिकचा ढीग पेटवून देतो. त्याच्या फळांचा लाभ त्याला होईल. पण भिंतीपलीकडे झोळींत झोपलेल्या तान्ह्या मुलाला त्यानें काय दिलें? शास्त्र आपणांस एवढेंच सांगतें कीं, बळकट देह विष थोडें अधिक सोसतो. सर्वांनीं विष सोसत राहावें असें शास्त्र सांगत नाहीं, आणि धर्म तर नाहींच नाहीं.

तेव्हां महोत्सवाच्या ह्या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें चार निश्चय करावे, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिला, वाडींतील पालापाचोळा न जाळतां खड्ड्यांत कुजवून त्याचें खत करावें, आणि प्लॅस्टिक तर कोणत्याही कारणानें पेटवूं नये. दुसरा, देवळाच्या सणाला फटाक्यांवर होणारा खर्च बंद करून तेवढ्या पैशांतून गरजू रुग्णांना औषध व फळें द्यावीं. बँड वाजूं द्या, घंटा वाजूं द्या, पण धूर नको. आमच्या बाजूनें सांगतों कीं, धूप आणि मेणबत्त्या ह्यांचाही धूरच होतो. म्हणून बंद जागेंत त्यांचा अतिरेक आम्ही टाळूं आणि देवळाच्या खिडक्या उघड्या ठेवूं. पवित्र हेतूनें निघालेला धूर फुफ्फुसांना ओळखूं येत नाहीं. तिसरा, प्रायश्चित्तकाळांतील उपवास हा केवळ मांस वर्ज्य करून रात्रीं तळलेल्या पदार्थांवर ताव मारण्याचा नसावा; तो साध्या, ताज्या व मित अन्नाचा असावा, आणि त्यांतून वांचलेला घास भुकेल्याच्या ताटांत पडावा. चौथा, ज्या दिवशीं हवा वाईट असेल त्या दिवशीं प्रत्येक वस्तींतील तरुणांनीं आपल्या भागांतील वृद्धांची व दमेकऱ्यांची चौकशी करावी, त्यांचें औषध-पाणी आणून द्यावें, त्यांना बाहेर पडावें लागूं नये असें पाहावें.

आसीसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला 'गाढव बंधु' म्हणत असत. त्यांनीं त्याला फार कष्टविलें, आणि आयुष्याच्या शेवटीं त्यांनीं त्या गाढवाची क्षमा मागितली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या बंधूला लाडावूं नये, तसेंच त्याला उपाशी मारूं नये व विषारी कुरणांत चरावयास सोडूं नये. संत पौल ह्यांनीं ह्याच देहाला पवित्र आत्म्याचें मंदिर म्हटलें आहे. पन्नास वर्षांत आपण दगडाचें मंदिर रंगविलें, दुरुस्त केलें, कौलें बदललीं. श्वासोच्छ्वास करणाऱ्या मंदिरांचीही तेवढीच निगा राखण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि जो श्वास त्यानें पहिल्या मनुष्यांत फुंकला तो त्याच्या स्तुतीसाठीं स्वच्छ राखण्याचें बळही तोच देवो. आमेन.